अठ्ठ्याण्णव सालचं कॅलेंडर

ठकूबाई : ‘ठकू, वाचून घेतल्याबिगर कुठल्या कागदावर सही करायची न्हाई. आपल्याला येत नसंल तर दुसऱ्याकडनं वाचून घे, आन् दोनदा घे.’ आमचं मालक जाताना एवढंच सांगून गेलं, भरता. तवापासून हा नेम हाय.

भरत : मावशी, मी तुम्हाला फसवीन का? पाच वर्षं एका कारखान्यात काढली आपण.

ठकूबाई : तू न्हाई रं फसवणार. कागदाचं काय सांगावं.

भरत : अहो, पाच ओळी आहेत. इथं सही, इथं तारीख. रविवारी माझं विमान आहे. त्याआधी पुण्याला जाऊन नोटरी करायची, कुरियर करायचं…

ठकूबाई : आरती आत्ता येतीय. दळण टाकायला गेलीय. तवर वाती तरी वळू दे मला. श्रावणातला सोमवार हाय, एकशे आठ झाल्याबिगर पाणी घ्यायचं न्हाई.

भरत : वळा. वळा वाती. मी बसतो.

ठकूबाई : पाय हालवू नको बाळा. कापूस उडतोय.

आरती : आले हो, आले! काय भाऊजी, अमेरिकेहून आलात आणि पडवीतच बसलात? आत तरी यायचं. चहा टाकू?

भरत : वहिनी, चहा नको. हे वाचून दाखवा तुमच्या सासूबाईंना. मी वाचलं तर चालत नाही त्यांना.

आरती : चालायचं नाहीच. ज्याचा कागद त्यानं वाचायचा नाही, हे आमच्या घरात गॅसच्या नळीवाल्यानं फसवून सही घेतली तेव्हापासून चालू आहे. द्या. इंग्रजीत आहे होय? सोपं करून सांगते, आत्याबाई. ‘मी, ठकूबाई, चौऱ्याण्णव ते नव्व्याण्णव ओतूरच्या वाळवलेल्या कांद्याच्या कारखान्यात निवडणी विभागात कामगार होते. आमच्यावर श्री. संपत हे सुपरवायझर होते. पाळ्या, रजा, कामाची वाटणी, सगळं तेच ठरवत. मॅनेजर श्री. भरत हे फक्त सुपरवायझरशी बोलत…’

ठकूबाई : कोण संपत?

भरत : कारखान्याच्या शेठचे जावई. डिप्लोमावाले.

ठकूबाई : त्यो व्हय! त्यो दोनदा आलता की. एकदा पूजेला, आन् एकदा निवडणीच्या दारापतुर. डोळं चुरचुरतात म्हणला, रुमाल लावून माघारी गेला.

आरती : आणि सुपरवायझर म्हणे!

भरत : हसू नका वहिनी. घशाशी आलंय माझ्या.

आरती : नीट सांगा मग. नक्की काय मागतायत ते अमेरिकेतले लोक?

भरत : पाचव्यांदा सांगतो. काल गेणभाऊला सांगितलं, परवा दादाभाऊला. शेठच्या कंपनीनं मला नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या ऑफिसला पाठवलं. ज्या व्हिसावर गेलो त्याची सात वर्षं येत्या फेब्रुवारीत संपतात. कायमचं राहायचं तर ग्रीन कार्ड पाहिजे. ते मला मॅनेजर म्हणून मिळू शकतं, पण सिद्ध करायचं की तिकडं जायच्या आधीच्या तीन वर्षांत निदान एक सलग वर्ष मी इथं खरोखरचा मॅनेजर होतो.

ठकूबाई : व्हतासच की.

भरत : त्यांचा मॅनेजर निराळा, मावशी! मजुरांवर उभा राहून काम करून घेतो तो मुकादम. त्या मुकादमांवर जो असतो, तो मॅनेजर. मुकादमाला ह्या रांगेतून ग्रीन कार्ड नाही.

आरती : मग तुम्ही कोण होता?

भरत : मॅनेजर! बॉयलरला गेणभाऊ, गोडाऊनला दादाभाऊ, दोघांची पत्रं मिळाली. पण बेचाळीस माणसं होती निवडणीत. अधिकारी विचारतो, त्या बेचाळीस बायकांवर कोण होतं? कोणी नव्हतं तर तू स्वतः होतास, म्हणजे तू मुकादम.

ठकूबाई : धर्माजीशेठनी पत्र दिलं व्हतं ना तुला? चांगलं पत्र दिलं म्हणून सगळ्या गावाला सांगत व्हते.

भरत : त्या पत्रानंच तर घात केला! एवढा मोठा मालक, म्हटलं चार शब्द लिहा. त्यांनी काय लिहावं? ‘भरत याला गर्व कसा तो नाही. बाया कमी आल्या तर स्वतः ट्रे उचलायचा. भट्टीसमोर उभा राहायचा. वेळेला झाडूसुद्धा मारला.’ शेठच्या नातवानं ते इंग्रजीत केलं, झाडूसकट. अधिकाऱ्यानं तेवढ्याच ओळी उचलून माझ्याच तोंडावर मारल्यात.

ठकूबाई : खोटं काय हाय त्यात? झाडू मारलास की तू. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, एकटा. किती बायांनी नाव काढलं तुझं!

भरत : नाव नका काढू, मावशी! आता कोणी माझं नाव काढू नका. जो येतो तो माझा गुण सांगतो आणि माझी केस खड्ड्यात घालतो. गेणभाऊ म्हणतो, लिहू का, साहेब आमच्या डब्यातली भाकरी खायचे? मी हात जोडले त्याच्या.

आरती : पण संपतरावांचं हे कुणाचं डोकं?

भरत : …माझं. कोण कुणाच्या हाताखाली त्याचा तक्ता काढायचा होता. निवडणीसमोर नाव पाहिजे. म्हटलं, चौथी पास बाई लिहिली तर हसतील. डिप्लोमावाला लिहिला. आता ते म्हणतात, ह्या संपतच्या पगाराचे कागद दाखवा.

आरती : आणि पगार कधी घेतलाच नाही त्यानं.

भरत : नाही ना! म्हणून मावशींची सही पाहिजे. निदान एक माणूस म्हणेल की संपत होता.

ठकूबाई : नव्हता तो, बाळा.

भरत : माहितीये नव्हता!

ठकूबाई : मग सही कशी करू? तूच सांग.

भरत : थांबा, फोन वाजतोय… हां, तेजू. अगं तिकडं रात्रीचे बारा वाजले असतील, झोपली नाहीस? … नाही, अजून नाही. … हो, बसलोय मावशींच्याच समोर. … वाती वळतायत. … वाती, गं! कापसाच्या! … समृद्धीला दे. … काय रे पिल्लू? … हो, तुझ्या शाळेचा फॉर्म बाबाच्या लक्षात आहे. … पुढच्या वर्षी तिथंच असणार आपण, असं लिहून टाक. … हो. नक्की. … झोप आता.

ठकूबाई : केवढी झाली?

भरत : अकरा. इथून नेली तेव्हा पाचाची होती. आता मराठी कळतं, बोलत नाही. मावशी, वीस सप्टेंबरच्या आत उत्तर पोचलं नाही तर केस बंद. फेब्रुवारीत गाशा गुंडाळायचा. मी येईन हो, मला काय, मी ओतूरचाच. तिला काय सांगू?



आरती : भाऊजी, एक विचारू? रागावू नका. संपतराव नव्हते. तुम्ही बायकांमधे नसायचात, ऑफिसात बसायचात, पुण्याला जायचात. मग बायकांच्या पाळ्या लावायचं कोण?

भरत : मावशी.

आरती : सुट्टी?

भरत : मावशीच. नवी बाई घ्यायची तर मावशी सांगायच्या, मी हो म्हणायचो.

आरती : काढायची तर?

भरत : त्याच. अहो, निम्म्या बायकांची नावंसुद्धा मला माहीत नव्हती.

आरती : मग तेच लिहा ना! डिप्लोमावाला कशाला धुंडाळताय? तुमचा मुकादम ह्या पडवीत बसलाय!

भरत : …वहिनी, हे मला माहीत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? काल वकिलाशी बोललो फोनवर. तो म्हणाला, आधीचं चुकलं ते कबूल करा, खरं लिहून द्या, चौथी पास असली तरी हरकत नाही, अधिकार होता का ते महत्त्वाचं. म्हणून मी दुसरा कागद पण आणलाय. हा बघा. तरी आधी पहिलाच पुढं केला, कारण स्वतःचं मोठेपण सांगणाऱ्या नाहीत त्या, ह्यावर सही करणारच नाहीत.

आरती : का नाही करणार? आणा इकडं. ‘मी, ठकूबाई, निवडणी विभाग चालवत होते. बेचाळीस स्त्रियांच्या पाळ्या मी लावत होते. रजा मी देत होते. कामाची प्रत मी…’ आत्याबाई, हे तर खरं आहे. करा सही.

ठकूबाई : न्हाई गं.

भरत : बघा! बघितलंत?

ठकूबाई : माझा चातुर्मासाचा नेम हाय, आरती. तुला ठाऊक हाय.

आरती : कांदा-लसणाचा ना?

ठकूबाई : तो तर दरसालचा. कांद्याच्या कारखान्यात बसून चार महिनं कांदा खाल्ला न्हाई कधी, हाताचा वास तेवढा जात नव्हता. हा दुसरा. चार महिनं ‘अमुक चांगलं काम मी केलं’ असं तोंडानं म्हणायचं न्हाई. सहा सालं झाली, हे सातवं. म्हणायचं न्हाई तसं लिहायचंबी न्हाई. ह्या कागदावर वळीवळीला मी, मी, मी हाय.

भरत : मावशी, अहो, कार्तिकी एकादशीपर्यंत माझी केस थांबणार नाही! नेमाला सुट्टी नसते का? आजाऱ्याला उपास माफ असतो ना?

ठकूबाई : तू आजारी हाईस का?

भरत : व्हायला आलोय!

आरती : मग ‘मी’ काढून टाकू. ‘ठकूबाई हे करत असत’ असं लिहिते.

ठकूबाई : नेमाला काय फसवायचं, पोरी? तो का अमेरिकेचा साहेब हाय?

भरत : वहिनी, मी जातो. मी उठतो आता. खोटं लिहा म्हटलं तर खोटं म्हणून सही नाही, खरं लिहा म्हटलं तर खरं म्हणून नाही!

आरती : बसा हो. बसा. कागदांचं काही निघेल. आत्याबाई, बायकांच्या सुट्ट्या तुम्ही कशावर लिहायचात? वही होती?

ठकूबाई : वही कशाला? कॅलेंडरवर. बायांच्या सुट्ट्या तिथीवरच तर असायच्या. कुणाचा सोमवार, कुणाची चतुर्थी, कुणाला एकादशीला भट्टीपुढं उभं ऱ्हावत न्हाई. उपासाची बाई बसून निवडायची, बाकीच्या ट्रे उचलायच्या. तारखेच्या चौकटीत नावं लिहून ठेवायची. भिंतीला खिळा व्हता, त्याला अडकवलेलं. महिना सरला की भरत खाली सही करायचा.

भरत : …मी सही करायचो?

ठकूबाई : ‘पाहिले’ म्हणून. लाल पेनानं. तूच म्हणला व्हतास, मला दर महिन्याला दावत जा.

भरत : मावशी. मावशी, अहो, हाच तर पुरावा! तुमच्या अक्षरातल्या पाळ्या, खाली माझी सही! ह्याच्यावर माझं सगळं… कुठं आहेत ती कॅलेंडरं?

ठकूबाई : घरीच आणली व्हती. देवादिकांची चित्रं, टाकवत न्हाईत.

आरती : अगं बाई.

भरत : काय झालं?

आरती : शहाण्णव आणि सत्त्याण्णवची… पोरांच्या वह्यांना कव्हरं घातली मी. जाड कागद होता छान. रद्दीत गेल्या त्या वह्या.

भरत : वहिनी!

आरती : मला काय माहीत अमेरिका मागेल म्हणून!

भरत : अठ्ठ्याण्णव? अठ्ठ्याण्णवचं एक पुरे आहे. बारा महिने सलग. ते तरी आहे का?

ठकूबाई : ते न्हाई घरात.

भरत : तेही कव्हराला?

ठकूबाई : न्हाई. ते सोनीबाईकडं हाय. आणे गावाला.

आरती : कोण सोनीबाई?

ठकूबाई : व्हती निवडणीत. लई चपळ हात. डोळं मिटून सडका कांदा काढायची. इथं भाड्यानं ऱ्हायची, मग गेली गावाला, आण्याला.

भरत : मग झालं तर! खाली गाडी उभी आहे, तासाभरात आणतो. फोन आहे का त्यांच्याकडं? काय लागेल ते देऊ. वहिनी, उठा, पत्ता लिहून घ्या.

ठकूबाई : ती देणार न्हाई.

भरत : एका जुन्या कॅलेंडरसाठी?

ठकूबाई : जुनं म्हणूनच नेलंय तिनं. एकतीस डिसेंबरला खिळ्यावरनं तिनं सोता काढलं. म्हणली, ‘ह्याच्यावर माझ्या नवसाची फुली हाय. ही भिंतीवर ऱ्हाऊ द्यायची न्हाई.’ तेवढं घेऊन गेली, परत कामाला आली न्हाई.

आरती : कसली फुली?

ठकूबाई : तिचं पोरगं जगत नव्हतं. तिसरं जगलं. धामणखेलच्या खंडोबाला बोलली व्हती, पाच वर्षाचा झाला की चंपाषष्ठीला आणीन, त्याच्या हातानं तळी भरीन. अठ्ठ्याण्णवला त्याला पाचवं सरत व्हतं. एक दिवसाची सुट्टी मागितली. दोन महिनं आधी सांगून ठेवली व्हती, नाव लिहिलेलं व्हतं चौकटीत. आन् त्या दिवशी मी तिच्या नावावर फुली मारली.

आरती : तुम्ही? आत्याबाई, तुम्ही नवसाला नाही म्हणालात?

ठकूबाई : मी म्हणले. म्हणले, आज कुणालाच सुट्टी न्हाई. ती पाया पडली. म्हणले, गेलीस तर उद्या येऊ नको. ती गेली न्हाई. दिवसभर निवडत बसली, आन् डोळ्याला पाणी. कांद्यानं आलंय म्हणायला तेवढी सोय व्हती. सात सालं झाली. आपण सोमवार धरायचे, वाती वळायच्या, आन् दुसरीचा नेम मोडायचा. तवापासून हा मी न म्हणायचा नेम धरला. वाईट केलं त्याला ‘मी केलं’ म्हणायचं. चांगल्याला न्हाई.

आरती : थांबा. थांबा जरा. भाऊजी, ऐकलंत? ‘सुट्टी मी नाकारली. फुली मी मारली. गेलीस तर उद्या येऊ नको, हे मी म्हणाले.’ ह्याला नेम आड येत नाही! ह्यापेक्षा सुपरवायझर काय निराळा असतो? हेच लिहायचं. आत्याबाई, ह्यावर कराल ना सही?

ठकूबाई : ह्यावर करीन. खरं हाय ते.

आरती : सुटलात हो भाऊजी! भाऊजी? काय झालं?

भरत : चंपाषष्ठी… नोव्हेंबरात होती का ती, मावशी?

ठकूबाई : व्हय.

भरत : दुबईचा कंटेनर होता. दुसऱ्या दिवशी न्हावाशेवा बंदराला लागायचा होता. मी ऑफिसातून निघताना दारातनं म्हणालो, उद्या कोणाला सुट्टी नाही म्हणजे नाही, देव आला तरी. आणि पुण्याला गेलो.

ठकूबाई : तसंच म्हणला व्हतास.

भरत : तुम्ही तिला सांगितलं नाहीत, हा साहेबाचा हुकूम आहे म्हणून?

ठकूबाई : कशाला? तू दोन-तीन महिन्यांत बायकापोरं घेऊन परदेशी निघालेला. तुझ्या नावानं कुणी बोटं मोडायला नको. आन् फुली तर माझ्याच हातची ना.

भरत : मला आठवतसुद्धा नव्हतं, वहिनी. आत्ता, ह्या क्षणापर्यंत. झाडू मारलेला आठवतो.

आरती : …चहा टाकते मी.

ठकूबाई : टाक. त्याला दे, मला न्हाई. भरता, तुझ्या कागदावर सही करते. पर आधी हे सोनीला सांगितलं पायजे. कॅलेंडर घेऊन ती दारातनं गेली तवा तिला म्हणले व्हते, एक दिवस तुझ्या दारी येईन, माफी मागायला. सात सालं झाली, पाय उचलला न्हाई. तिच्या आधी अमेरिकेच्या साहेबाला कसं सांगू?

भरत : चला मग. गाडी आहेच.

ठकूबाई : गाडी नको. गाडीतनं उतरलं की वाटतं, कुणी मोठं माणूस काम घेऊन आलंय. कल्याण-नगर एसटी हाय, ती आण्यावरनंच जाती. आन् एक ऐक. तिथं कॅलेंडर म्हणून शबूद काढायचा न्हाई.

भरत : अं?

ठकूबाई : माफी मागायची आन् त्याच दमात कॅलेंडर मागायचं, मग ती माफी कसली? ती मागणी झाली. तिनं आपणहून काढलं तर काढलं.

भरत : आणि जाळलं असेल तर? आणि दिलंच नाही तर? मावशी, वीस सप्टेंबर…

ठकूबाई : माझी सही हाय की तुला. तेवढ्यावर काय व्हईल ते व्हईल.

आरती : वकील काय म्हणाला होता, भाऊजी? नुसत्या सहीवर होईल का?

भरत : म्हणाला, अवघड आहे. त्या काळातला लेखी कागद पाहिजे.

आरती : आत्याबाई, निदान मी येते आणि मी हळूच विचारते. मला तर नेम नाही!

ठकूबाई : तू घरी ऱ्हा. पोरं शाळेतनं येतील. झाल्या बघ एकशे आठ. पाणी दे मला.

(आरती पाणी आणते. ठकूबाई पदर सारखा करून उठतात, आतून एक पिशवी भरून आणतात.)

भरत : मावशी, तिथं आधी बोलणार कोण?

ठकूबाई : मी. फुली माझी हाय.

भरत : नाही. हुकूम माझा होता. आधी मी बोलतो, मग तुम्ही.

ठकूबाई : बघ हां. ती लई तोंडाची हाय. चार लोकांत बोलंल.

भरत : बोलू दे.

आरती : भाऊजी, तुमची फाईल?

भरत : राहू द्या इथंच. सोबत असली तर बोट जाईल त्या कागदांवर.

आरती : आणि आत्याबाई, ही एवढी पिशवी कशाला? काय भरलंय?

ठकूबाई : नारळ हाय, भंडारा हाय. पोरगा आता बारा वर्षाचा झाला आसंल. सोनी म्हणली तर येत्या चंपाषष्ठीला धामणखेलला जाऊ, तळी भरू.

भरत : पिशवी द्या इकडं, मी घेतो.

आरती : अहो, साहेबानं बघितलं तर पुन्हा मुकादम म्हणेल!

भरत : म्हणू दे. छत्री पण द्या, वहिनी. मावशी, जपून, पायरी ओली आहे.